होमधेनू ते पूर्णाहुती : माहूरच्या अग्नीचा अर्थ

माहूरची सगळी कथा एका गाईपासून सुरू होते, आणि ती गाय होमाची होती. जमदग्नी ऋषींच्या आश्रमातल्या कामधेनूचे दूध-तूप रोजच्या अग्निहोत्राला लागे, म्हणून पुराणे तिला होमधेनू म्हणतात. माहिष्मतीचा राजा कार्तवीर्य सहस्रार्जुन आश्रमात आला, ससैन्य तृप्त होऊन जेवला आणि एवढ्या मोठ्या आतिथ्यामागे ही गाय आहे हे कळताच तिच्यावरच त्याचे मन गेले. ऋषी देईनात, तेव्हा त्याने ती बळाने ओढून नेली. पुढचे आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जमदग्नींचा मुलगा परशुराम याने सहस्रार्जुनाला मारले, सहस्रार्जुनाच्या मुलांनी सूड म्हणून ध्यानस्थ जमदग्नींचा वध केला आणि परशुरामाने पृथ्वी एकवीस वेळा निःक्षत्रिय करण्याची प्रतिज्ञा केली. तपशील पुराणागणिक वेगळे असतील, पण मूळ कारण सगळीकडे एकच आहे. जे अग्नीसाठी आणि अतिथीसाठी राखलेले होते, ते कोणीतरी ‘माझे’ म्हणून उचलले.

आजही नवरात्रात माहूरगडावर होमहवन होते, घराघरांत नवचंडी होते, वास्तुशांतीला आणि मुंजीला अग्नी पेटतो. ज्वाळा दिसतात, ‘स्वाहा’ ऐकू येते, धुराने डोळे चुरचुरतात, पण विधीचा गाभा पुष्कळदा त्या धुरातच राहून जातो. तो गाभा समजून घ्यायला माहूरइतकी योग्य जागा नाही, कारण या क्षेत्राचा जन्मच अग्नीच्या साक्षीने झाला आहे.

कोरी भूमी आणि दोन आहुत्या

नांदेडपासून सुमारे १३० किलोमीटरवर, सागवानाच्या जंगलात आणि पैनगंगेच्या वळणाजवळ माहूरचे डोंगर आहेत. मातापूर हे त्याचे जुने नाव. एका शिखरावर रेणुकामाता, दुसऱ्यावर दत्तप्रभू, तिसऱ्यावर अनसूयामाता. महाराष्ट्रातल्या साडेतीन शक्तिपीठांत तुळजापूर, कोल्हापूर आणि माहूर ही तीन पूर्ण पीठे, आणि वणीची सप्तशृंगी हे अर्धे.

क्षेत्रकथा अशी आहे. वडिलांच्या दहनासाठी कोरी भूमी हवी, म्हणजे जिथे पूर्वी कोणाचे दहन झालेले नाही अशी जागा हवी, अशी आज्ञा परशुरामाला झाली. कावडीच्या एका पारड्यात वडिलांचा देह आणि दुसऱ्या पारड्यात आई रेणुका, असा तो वणवण फिरत इथे आला. इथे दत्तात्रेयांनी ती भूमी दाखवली आणि अंत्यविधीचे आचार्यत्वही पत्करले. स्नानासाठी पाणी हवे होते, तेव्हा परशुरामाने बाण मारून सर्व तीर्थे तिथे आणली. तेच आजचे मातृतीर्थ. चिता पेटली आणि रेणुकामातेनेही त्या अग्नीत प्रवेश केला.

पुढे आईच्या आठवणीने परशुराम व्याकुळ झाला. आई भूमीतून वर येईल, तोवर मागे वळून पाहू नकोस, असे त्याला सांगण्यात आले. त्याला धीर निघाला नाही. त्याने वळून पाहिले तेव्हा फक्त मुख वर आले होते. माहूरला आपण दर्शन घेतो ते त्या शेंदूरचर्चित मुखाचे, तांदळ्याचे.

ही पुराणकथा आहे. सतीच्या क्रूर चालीचे समर्थन करायला कोणी तिचा आधार घेऊ नये. कथेने जोर दिला आहे तो पुढच्या भागावर. अग्नीने आई नेली, पण ठेवून घेतली नाही. ती परत आली. मात्र परत आली तेव्हा ती एकट्या परशुरामाची राहिली नव्हती. ती असंख्य घरांची कुलस्वामिनी झाली होती. मराठवाडा, विदर्भ, तेलंगण, कर्नाटक या सगळ्या मुलखांतली माणसे तिला ‘आई’ म्हणून हाक मारतात. अग्नीत दिलेली गोष्ट नष्ट होत नाही, ती ‘माझी’ राहत नाही, आणि म्हणूनच सगळ्यांची होते. होमाचा सारा अर्थ मला या एका प्रसंगात सापडतो.

दत्तात्रेयांचे या कथेतले स्थानही बारकाईने पाहण्यासारखे आहे. सहस्रार्जुनाला हजार बाहू मिळाले ते दत्तात्रेयांच्या वराने. परशुरामाला पित्याच्या दहनाच्या वेळी आचार्य लाभले तेही दत्तात्रेयच. गुरू एक, शिष्य दोन. एकाने मिळालेले बळ दुसऱ्याच्या होमाची गाय ओढून नेण्यात घालवले. दुसऱ्याने आपली सर्वांत प्रिय माणसे अग्नीच्या स्वाधीन केली आणि त्या दुःखातून तो ज्ञानाकडे वळला. ‘त्रिपुरारहस्य’ हा ग्रंथ याच दत्तात्रेय-परशुराम संवादावर उभा आहे. माहूर हे दत्तप्रभूंचे निद्रास्थान मानतात. दत्तशिखरावर दशनामी संन्याशांची परंपरा आहे, धुनी आहे आणि त्या धुनीचे भस्म भाविक कपाळी लावतात.

वेदीवर काय चालते

घटस्थापनेने सुरू झालेल्या नवरात्राची सांगता होमाने आणि पूर्णाहुतीने होते. देवीच्या होमाचा पाया म्हणजे दुर्गासप्तशती. तेरा अध्याय, सातशे मंत्र. नऊ पाठ आणि त्यांचा होम म्हणजे नवचंडी. शंभर पाठ म्हणजे शतचंडी. पाठांच्या दहाव्या हिश्श्याएवढे हवन करायचे, असा नियम आहे. म्हणजे शतचंडीत सत्तर हजार मंत्रांचे पठण होते आणि सात हजार आहुत्या पडतात. पायस, तीळ आणि तूप ही त्यातली मुख्य द्रव्ये.

अग्नी आणून ठेवण्याआधी जागा सिद्ध करावी लागते. कुंड नसेल तर मातीचे किंवा विटांचे चौकोनी स्थंडिल करतात. दर्भांनी ते झाडायचे, गोमयाने सारवायचे, त्यावर रेघा ओढायच्या, रेघांतली माती चिमटीने उचलून टाकायची आणि पाणी शिंपडायचे. हे पाच भूसंस्कार. मग अग्नीची स्थापना होते. त्या अग्नीला कामाप्रमाणे नावही असते. शांतिकर्मात तो ‘वरद’, पुष्टीच्या कर्मात ‘बलवर्धन’, पूर्णाहुतीच्या वेळी ‘मृड’. घरी आलेल्या पाहुण्याला नावाने हाक मारावी, तसे अग्नीला नावाने बोलावून बसवतात.

समिधांचेही शास्त्र आहे. अंगठा आणि तर्जनी ताणल्यावर जेवढे अंतर होते तेवढी लांबी, अंगठ्यापेक्षा जास्त जाडी नको, साल असलेली हवी आणि कीड लागलेली नको. ग्रहमखात, म्हणजे ग्रहांच्या होमात, नऊ ग्रहांना नऊ समिधा ठरलेल्या आहेत. सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा, केतूला दर्भ. ही यादी वाचताना मराठवाड्यातल्या माणसाला आपला बांधच डोळ्यांसमोर येतो. यातले काहीही दुर्मिळ किंवा महाग नाही. आकाशातल्या ग्रहाची पूजा पायाखालच्या दूर्वेने आणि रस्त्याकडेच्या रुईने होते. माणूस, झाड आणि आकाश एकाच धाग्यात ओवणारी ही योजना आहे.

आता आहुती. तूप स्रुव्याने द्यायचे, म्हणजे लाकडाच्या लांब दांड्याच्या पळीने. चरू, म्हणजे शिजवलेला भात, किंवा तीळ हाताने द्यायचे, आणि तेही फेकायचे नाहीत. तळहात वर, अंगठा मधल्या दोन बोटांना टेकलेला, अशी मृगी मुद्रा करून द्रव्य अलगद ज्वाळेवर सोडायचे. ज्वाळा नीट उठलेली नसताना आहुती देऊ नये, असे शास्त्र सांगते. यामागचे कारण वेदीजवळ बसणाऱ्याला लगेच दिसते. तूप तापून त्याची वाफ झाली की ती भडकून जळते आणि धूर कमी होतो. विझू घातलेल्या निखाऱ्यावर तेच तूप ओतले तर नुसता धूर कोंडतो.

गुरुजी ‘स्वाहा’ म्हणतात तेव्हा आहुती पडते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतरचे वाक्य मात्र यजमानाचे असते, आणि तेच बहुधा त्याच्या वतीने दुसरे कोणी घाईने म्हणून टाकते. ज्या देवतेला आहुती दिली तिचे नाव घेऊन यजमानाने म्हणायचे असते, ‘इदं न मम’. हे आता माझे नाही. शास्त्रकारांनी यज्ञाची व्याख्या करताना तीन गोष्टी सांगितल्या आहेत. द्रव्य, देवता आणि त्याग. द्रव्य बाजारात मिळते, देवता मंत्राने येते. त्याग मात्र यजमानालाच करावा लागतो, त्याला बदली माणूस चालत नाही. हे शब्द मनापासून उच्चारले गेले नाहीत तर विधीतून त्यागच निघून गेला आणि उरले ते नुसते तूप जाळणे.

शुक्ल यजुर्वेदी पद्धतीत इथे एक हळुवार कृती आहे. तुपाची आहुती दिल्यावर स्रुव्यात राहिलेला थेंब शेजारच्या पाण्याच्या पात्रात सोडतात. प्रत्येक आहुतीनंतर एक थेंब. होम संपल्यावर यजमान तेच पाणी प्राशन करतो. याला संस्रवप्राशन म्हणतात. आधी सगळे द्यायचे, मग उरलेला अंश घ्यायचा.

परत येते ते कोणाचे?

शेवटी पूर्णाहुती. त्याआधी बली म्हणून कोहळा कापतात. मग नारळ, वस्त्र, सुपारी, तुपाची धार. यजमानाचे सारे कुटुंब हाताला हात लावून उभे राहते. नारळ अग्नीत पडला की होम पूर्ण झाला असे आपण समजतो. पण त्यानंतर आणखी एक छोटा विधी होतो आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे श्रेयोदान. इतके दिवस पाठ केलेले ब्राह्मण हातात सुपारी-पाणी घेऊन त्या जपाचे, पाठाचे आणि होमाचे श्रेय यजमानाच्या हातावर सोडतात. यजमानाने द्रव्य सोडले, आता ब्राह्मणांनी पुण्यही सोडले. पूर्ण झालेल्या होमात कोणाच्याही हाती ‘माझे’ म्हणण्यासारखे काही उरत नाही.

मग वाटप सुरू होते. स्रुव्याच्या टोकाने घेतलेले भस्म कपाळाला, कंठाला, बाहूला आणि छातीला लावतात. तीर्थ, प्रसाद, कुमारिकापूजन, जेवणाच्या पंगती. माहूरला देवीचा तांबूल असतो. विड्याची पाने, सुपारी, कात, बडीशेप असे सारे एकत्र कुटून देवीला अर्पण करायचे आणि तोच लाल प्रसाद चिमूटभर प्रत्येकाच्या हातावर ठेवायचा. तांबूल देणारा नांदेडचा की आदिलाबादचा, श्रीमंत की मजूर, हे त्या चिमटीत ओळखू येत नाही. देवीला वाहिलेले सगळ्यांना सारखे परत मिळते.

अरणीतला अग्नी

घरातला होम हा मोठ्या वैदिक यज्ञपरंपरेचा धाकटा भाऊ आहे. श्रौत यज्ञात तीन अग्नी लागतात. गार्हपत्याचे कुंड गोल, आहवनीयाचे चौकोनी आणि दक्षिणाग्नीचे अर्धचंद्राकार. या यज्ञांत काडेपेटीला जागा नाही. अग्नी लाकडातून काढायचा असतो. शमीवर वाढलेल्या पिंपळाच्या लाकडाच्या दोन अरणी करतात. खालच्या अरणीला खळगा असतो. त्यात उभा मंथा बसवून एकाने तो वरून घट्ट दाबून धरायचा आणि दुसऱ्याने दोरीने घुसळायचा. हात भरून येतात. आधी लाकूड करकरते, मग खळग्याच्या कडेला काळी भुकटी साचते, तिच्यातून धुराचा बारीक धागा निघतो आणि भुकटीच्या पोटात लाल ठिणगी दिसते. ती कापसावर किंवा नारळाच्या काथ्यावर घेऊन फुंकर घालत जपून मोठी करायची. अग्नी प्रकट होतो तेव्हा भोवतीची माणसे नकळत हात जोडतात. लाकडात तो होताच, कष्टाने फक्त बाहेर आणला. आत्म्याचेही तसेच आहे, ही उपमा उपनिषदांनी इथूनच घेतली.

ही परंपरा महाराष्ट्रातून संपलेली नाही. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या सेलूकर महाराजांच्या घराण्याने अग्निहोत्र आणि सोमयाग मराठवाड्यात जागते ठेवले. पुण्यात १९२८ साली स्थापन झालेल्या वैदिक संशोधन मंडळाने ‘श्रौतकोश’ तयार करून या विधींचे साहित्य अभ्यासकांच्या हाती दिले. १९७५ च्या एप्रिलमध्ये केरळातल्या पांजाळ गावी नंबुद्री ब्राह्मणांनी बारा दिवसांचे अग्निचयन केले. विटांची पक्ष्याच्या आकाराची वेदी रचून केलेला हा यज्ञ अभ्यासक फ्रिट्स स्टाल यांनी जगासाठी चित्रित केला. त्या वेळी पशूंच्या जागी पीठ वापरले गेले. विधी जिवंत असतो तेव्हा तो विचारही करतो. आपल्याकडे बळीच्या जागी कोहळा आला, तोही याच विचाराने.

धुराविषयी एक स्पष्ट गोष्ट

होमाविषयी आज एक दावा फार पसरला आहे. गाईचे तूप जाळले की हवेत ऑक्सिजन तयार होतो, असे अनेक जण श्रद्धेने सांगतात. हे खरे नाही. ज्वलनाला ऑक्सिजन लागतो, तो ज्वलनातून निर्माण होत नाही. कुंड वरून रुंद आणि खाली निमुळते असते, समिधा एकावर एक अशा रचतात की मधून हवा खेळावी, हे सगळे अग्नीला हवा पुरावी म्हणूनच आहे. दम्याच्या रुग्णाला आणि तान्ह्या बाळाला होमाच्या धुराचाही त्रास होतो. अशा माणसांना दाराजवळ, मोकळ्या हवेत बसवावे. त्यात अधर्म नाही.

होमाला खोट्या विज्ञानाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. तो हवा शुद्ध करण्याचे यंत्र नाही. तो माणसाची पकड सैल करण्याचा विधी आहे, आणि ते काम जगात सर्वांत अवघड आहे.

आतला होम

म्हणूनच आपल्या परंपरेने होम वेदीपुरता ठेवला नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात द्रव्ययज्ञ, तपोयज्ञ, योगयज्ञ, स्वाध्याययज्ञ अशी मालिकाच सांगितली आहे, आणि द्रव्याच्या यज्ञापेक्षा ज्ञानाचा यज्ञ श्रेष्ठ ठरवला आहे. ज्ञानेश्वर माउलींनी आपल्या ग्रंथाला शेवटी वाग्यज्ञ म्हटले आणि त्या यज्ञाचे फळ मागताना स्वतःसाठी काहीही मागितले नाही, साऱ्या विश्वासाठी मागितले. श्रेयोदानाचा इतका मोठा दाखला दुसरा नाही.

घरोघरीही ही वाट होती. जेवायला बसताना पानाभोवती पाणी फिरवून चित्राहुती ठेवायच्या, पहिले पाच घास पंचप्राणांच्या आहुती म्हणून घ्यायचे, गाईला आणि पाखरांना घास काढायचा, दारी आलेल्याला विन्मुख पाठवायचे नाही. पंचमहायज्ञांत देव, ऋषी आणि पितर आहेत, तसे मनुष्य आणि भूतमात्रही आहेत. अतिथीला वाढलेले पान हा पूर्ण दर्जाचा यज्ञ मानला गेला. जमदग्नींची होमधेनू आठवते. तिचे दूध अग्नीला होते आणि अतिथीलाही होते. सहस्रार्जुनाने तिच्या दुधावर पोटभर जेवून तिलाच ओढून नेले, म्हणून त्याचा अपराध इतका मोठा.

त्या कथेचा शेवट फार थोड्यांच्या लक्षात राहतो. एकवीस वेळा पृथ्वी जिंकल्यावर परशुरामाने मोठा यज्ञ केला आणि सगळी पृथ्वी कश्यपांना दक्षिणा म्हणून देऊन टाकली. दिलेल्या जमिनीवर राहणेही योग्य नाही, म्हणून तो निघून गेला. कोकणची भूमी त्याने समुद्राकडून मागून घेतली, असे कोकणात सांगतात. ज्या कथेची सुरुवात एक गाय ‘माझी’ म्हणण्याने झाली, तिचा शेवट सारी पृथ्वी ‘माझी नाही’ म्हणण्याने झाला. मधले सगळे रक्त सांडले ते या दोन वाक्यांच्या मध्ये.

यंदा नवरात्रात माहूरला जाल किंवा घरी होम कराल, तेव्हा एवढे करा. गुरुजींना आधीच सांगून ठेवा की ‘इदं न मम’ आम्ही स्वतः म्हणू, आणि त्याचा अर्थ घरातल्या मुलांना समजावून द्या. समिधांसाठी हिरवी फांदी तोडू नका, वाळलेली काटकी घ्या. कुंडात प्लॅस्टिक, थर्माकोल आणि जरीचे कृत्रिम कापड टाकू नका. गडावरच्या जंगलात आणि मातृतीर्थाच्या पाण्यात कचरा ठेवून येऊ नका, कारण ते तीर्थही आपल्या एकट्याचे नाही. तुपाचे डबे वाढवण्यापेक्षा पंगतीत पाने वाढवा. आणि आहुती सोडताना मनात एखादी तरी अशी गोष्ट ठेवा, जी आपण फार दिवस ‘माझी’ म्हणून घट्ट धरून बसलो आहोत. ती सोडली तरच होम पूर्ण झाला असे समजा.